सिस्टर कमी का पडतात? परिचारिकांचे शिक्षण, पदे आणि पैसा



देवळीहून वर्धेकडे निघालो की वाटेत सावंगी मेघे येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय लागते. वर्धा ओलांडून थोडे पुढे गेले की सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दोन्ही ठिकाणी नर्सिंगचे शिक्षण मिळते. दरवर्षी किती तरी मुली तिथून परिचारिका होऊन बाहेर पडतात. त्यांत आपल्या वस्त्यांतल्या, शेतमजुरी करणाऱ्या आईबापांच्या मुलीही असतात. तरीही खेड्यातल्या दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या तोंडी एकच वाक्य असते : "सिस्टर एकटीच होती, कोणाकोणाकडे पाहणार?"

इतक्या मुली शिकतात, तरी दवाखान्यात सिस्टर कमी का पडतात? आजच्या आरोग्य पानावर याच प्रश्नाचा अभ्यास करू. उत्तर आधीच सांगून ठेवतो. शिकायला तयार असलेल्या मुलींची कमतरता नाही. कमतरता आहे ती कायम, पगारी पदांची आणि नीट शिकवणाऱ्या, परवडणाऱ्या संस्थांची. ही कमतरता नशिबाने आलेली नाही. कुठे पैसा खर्च करायचा आणि कुठे वाचवायचा हे ठरवणाऱ्या निर्णयांतून ती तयार झाली आहे. म्हणून ती बदलताही येते.

परिचारिकेचे काम नेमके काय?

पुष्कळांना वाटते की डॉक्टर उपचार करतात आणि सिस्टर इंजेक्शन देतात. हा समज चुकीचा आहे. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा वॉर्डात फेरी मारतात. उरलेला सगळा वेळ पेशंटजवळ कोण असते? परिचारिका. पेशंटची तब्येत बिघडू लागली तर ती पहिल्यांदा तिच्या लक्षात येते, किंवा तिला वेळ नसेल तर कोणाच्याच लक्षात येत नाही.

बाळंतपणाचे उदाहरण घ्या. बाळ झाल्यावर पहिले दोन तास आईसाठी फार जोखमीचे असतात. गर्भाशय आकसून घट्ट झाले आहे की नाही, रक्तस्राव किती होतो, नाडी आणि रक्तदाब कसा आहे, हे दर पंधरा मिनिटांनी पाहावे लागते. त्याच वेळी बाळाला कोरडे करून आईच्या छातीशी उबेत ठेवायचे आणि पहिल्या तासात दूध पाजायला लावायचे असते. हे सगळे एकटी परिचारिका करू शकते, पण त्याच वेळी तिला आणखी वीस पेशंटच्या सलाईन बदलायच्या नसतील तर.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. विदर्भात सिकलसेल आजार आदिवासी आणि बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलचा पेशंट हाडे-सांधे फुटल्यासारख्या वेदना घेऊन येतो, तेव्हा त्याला वेळेवर सलाईन, वेदनाशामक औषध आणि गरज पडल्यास ऑक्सिजन लागतो. ताप असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा लागतो. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू असलेल्यांची रक्ततपासणी ठरावीक अंतराने झाली की नाही, हेही पाहावे लागते. लग्नाआधी दोघांनीही तपासणी करावी, दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे घरोघरी समजावून कोण सांगणार? केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे लक्ष्य आहे. पण अभियान म्हणजे शेवटी उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेने बोटातून काढलेला रक्ताचा थेंब आणि त्यानंतर तिने दिलेला सल्ला. सेविकेचीच जागा रिकामी असेल तर अभियान कागदावर राहते.

परिचारिकांची संख्या आणि पेशंटचा जीव यांचा संबंध मोजलेला आहे. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक पेशंटची माहिती त्यात होती. एका परिचारिकेवर एक पेशंट वाढला, की तीस दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असे त्यात दिसले. तसेच पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की तीच शक्यता ७ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे संख्याही हवी आणि शिक्षणही हवे. एक देऊन दुसरे टाळता येत नाही.

महावग्गातील पाच गुण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात लोळत होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली, उचलून खाटेवर ठेवले आणि भिक्खूंना विचारले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार?

हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. त्यापुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. शुश्रूषा करणारा योग्य केव्हा ठरतो, याचे पाच गुण तिथे दिले आहेत. पहिला, त्याला औषध तयार करता आले पाहिजे. दुसरा, पेशंटला काय हितकर आणि काय अहितकर हे त्याला कळले पाहिजे. तिसरा, त्याने लाभाच्या लोभाने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करावी. चौथा, मलमूत्र, थुंकी, उलटी यांची त्याला किळस वाटू नये. पाचवा, वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याने पेशंटचे मन उल्हसित करावे.

यातला क्रम पाहा. पहिले दोन गुण ज्ञानाचे आणि कौशल्याचे आहेत. मैत्रीभाव त्यानंतर येतो. ज्याला औषध कळत नाही, त्याच्या नुसत्या दयेने पेशंट बरा होत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर आधी शिक्षण.

तिसऱ्या गुणाचा आज सोयीस्कर अर्थ लावला जातो. 'नर्सिंग म्हणजे सेवा, सेवेत पैशाचे काय?' असे म्हणत परिचारिकेला कमी पगारात राबवले जाते. पण ते वचन संघात राहणाऱ्या, चीवर आणि भिक्षेवर जगणाऱ्या भिक्खूंना उद्देशून आहे. घरभाडे, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईबापांचे औषध ज्या बाईच्या पगारातून भागते, तिला त्यागाचा उपदेश करून पगार कापणे म्हणजे धम्म नव्हे. पोट भरलेले असले, झोप झालेली असली, तरच माणूस मैत्रीभावाने सेवा करू शकतो.

चौथा गुण आपल्या समाजाने विशेष समजून घ्यावा. रक्त, मलमूत्र, बाळंतपण यांना विटाळ मानणाऱ्या व्यवस्थेत हे काम खालचे ठरवले गेले. अनेक गावांत बाळंतिणीचे काम दलित बायांच्या वाट्याला आले. काम त्यांच्याकडून करून घेतले, पण त्यातले ज्ञान मानले नाही आणि मोबदला म्हणून धान्याची ओंजळ दिली. परिचारिकेच्या व्यवसायाला आजही डॉक्टरच्या तुलनेत जी दुय्यम वागणूक मिळते, तिची मुळे या विटाळाच्या कल्पनेत आणि बाईचे काम स्वस्त समजण्यात आहेत. म्हणून परिचारिकेचे शिक्षण, पद आणि पगार हा फक्त आरोग्य खात्याचा प्रश्न नाही, तो सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

किती परिचारिका हव्यात? हिशेब करून पाहू

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. तेव्हा देशात जेमतेम ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. समितीने पुढच्या काळासाठी लक्ष्य ठेवले ते ५०० लोकांमागे एक. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. ५०० ने भागले तर जिल्ह्याला २,६०० परिचारिका लागतात.

आज देशात नोंदणी झालेल्या परिचारिकांची संख्या ३३ लाखांच्या वर आहे, हजार लोकांमागे सुमारे दोन. म्हणजे कागदावर भोर समितीचे लक्ष्य गाठले गेले. मग तुटवडा कसा? कारण नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे. या यादीत परदेशी गेलेल्या आहेत, घर सांभाळण्यासाठी काम सोडलेल्या आहेत, नोकरीच्या शोधात फिरणाऱ्या आहेत. ज्या कामावर आहेत त्यांतल्या पुष्कळ मोठ्या शहरांत आणि खासगी रुग्णालयांत आहेत. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात किती उरल्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आता एका रुग्णालयाचा हिशेब मांडू. आपल्या राज्यात ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचे असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. म्हणजे ३० खाटांना ६. पण दिवसाच्या तीन पाळ्या असतात. सहा जणी तीन पाळ्यांत वाटल्या की प्रत्येक पाळीला दोघीच उरतात. साप्ताहिक सुटी, आजारपण, बाळंतपणाची रजा यांसाठी ३० टक्के जादा पदे धरायची असतात, म्हणजे एकूण ८. प्रसूतिकक्ष, शस्त्रक्रियागृह आणि अपघात विभाग यांच्या परिचारिका या शिवाय.

या आठांपैकी दोन पदे रिकामी असतील, एक जण रजेवर आणि एक प्रशिक्षणाला गेली असेल, तर राहिल्या चौघी. चौघींत तीन पाळ्या भागवायच्या म्हणजे रात्री एकच सिस्टर. तिने प्रसूतिकक्षात थांबायचे की तापाच्या वॉर्डात? 'सिस्टर एकटीच होती' या वाक्यामागे हा हिशेब असतो. तिच्यावर ओरडण्याआधी तो समजून घेतला पाहिजे.

पदे रिकामी का राहतात?

इमारत बांधायला पैसा एकदाच लागतो, उद्घाटनाची पाटीही लागते. परिचारिकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याची पाटी कुठेच लागत नाही. म्हणून सरकारी खर्चात इमारत आधी येते आणि माणूस मागे राहतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितले होते की आपल्या अंदाजपत्रकातला ८ टक्क्यांहून अधिक हिस्सा आरोग्यावर खर्च करा, तोही २०२० पर्यंत. महाराष्ट्र त्या लक्ष्याच्या बराच मागे राहिला.

पद भरायचे तर ते कंत्राटी भरण्याकडे कल असतो. महाराष्ट्रात कायम अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी मूळ ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता आणि इतर लाभ. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत त्याच शिक्षणाच्या, तेच काम करणाऱ्या कंत्राटी परिचारिकेचे मानधन महिना २०,००० रुपयांच्या आसपास दिसते. वॉर्ड तोच, पेशंट तेच, रात्रपाळी तीच, आणि मोबदला जवळजवळ अर्धा.

त्याहून पुढची पायरी म्हणजे बाहेरच्या कंपनीमार्फत भरती. तिच्या विरोधात मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी रुग्णालयांच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. पुढे ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने नऊ खासगी कंपन्यांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि राज्यभर विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. हा प्रश्न आपल्यासाठी दुहेरी आहे. कायम पदाच्या भरतीत बिंदुनामावली असते, अनुसूचित जातींचे आरक्षण असते. खासगी कंपनीने पुरवलेल्या मनुष्यबळात ते उरत नाही. पद कंपनीकडे गेले की पेशंटचीही सुरक्षितता जाते आणि आपल्या मुलीचा हक्कही जातो.

यातून काय होऊ शकते ते भंडाऱ्याने दाखवले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. चौकशीनंतर कारवाई झालेल्यांत जिल्हा शल्यचिकित्सक होते, तशाच कंत्राटी परिचारिकाही होत्या. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण अतिदक्षतेच्या बाळांच्या कक्षात किती परिचारिका असाव्यात, त्यांना आग विझवण्याचे शिक्षण कोणी द्यावे आणि त्यांची नोकरी दरवर्षी टांगणीला का असावी, हे प्रश्न समाजाने विचारायचे आहेत.

खासगी रुग्णालयांतही हीच गोष्ट आहे. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले. त्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन असावे. केरळने २०१८ मध्ये परिचारिकांच्या आंदोलनानंतर किमान वेतनाची अधिसूचना काढून २०,००० रुपयांचा पाया कायद्याने घातला. महाराष्ट्रातल्या लहान शहरांत आजही कित्येक मुली याच्या निम्म्या पगारावर बारा-बारा तास उभ्या असतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा त्याच काळात, १९४६ मध्ये झाला. गिरणीतल्या कामगाराला तेव्हा मिळालेला हा दिलासा आज माणसाचा जीव सांभाळणाऱ्या बाईला मिळू नये का?

अशा स्थितीत मुली परदेशी गेल्या तर त्यांना दोष देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांचा तुटवडा आहे. श्रीमंत देश तो बाहेरून भरून काढत आहेत. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिका आहेत. आपली लेक जर्मनीला गेली तर आनंदच आहे. पण गावातल्या उपकेंद्राला कुलूप असताना परदेशासाठी परिचारिका तयार करणाऱ्या राज्याने इथली पदे आधी भरावीत, ही मागणी रास्त आहे.

शिक्षण कसे असावे?

नर्सिंग वहीत शिकता येत नाही, ते पेशंटजवळ शिकावे लागते. म्हणूनच नियमांत संस्थेला स्वतःचे रुग्णालय, पुरेशा खाटा आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक असावा अशी अट आहे. प्रत्यक्षात दोन प्रकारचे बिघाड दिसतात.

पहिला, रुग्णालय आहे पण विद्यार्थिनीला फुकटची कामगार समजले जाते. पद भरण्याऐवजी दुसऱ्या वर्षाच्या मुलीला रात्रपाळीला एकटी उभी करतात. ती थकते, शिकत मात्र नाही, आणि पेशंटही धोक्यात येतो. विद्यार्थिनी ही मंजूर पदांच्या हिशेबात कधीही धरली जाऊ नये.

दुसरा, संस्था आहे पण रुग्णालयच नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात अशा नर्सिंग महाविद्यालयांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली, आणि मे २०२४ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपाखाली तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच अटक झाली. हजारो मुलांच्या परीक्षा आणि वर्षे अडकली. फी भरणारे आईबाप गरीब होते, संस्था चालवणारे नव्हते.

केंद्राने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये काढण्यास १,५७० कोटी रुपये मंजूर केले. मोठ्या रुग्णालयाला जोडून महाविद्यालय ही कल्पना योग्य आहे. त्याच वर्षी जुन्या १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा आला. पण शिकवणाऱ्या प्राध्यापिका आणि शिकून आल्यावर पदे या दोन गोष्टी मिळाल्या नाहीत, तर इमारतींतून बेरोजगार परिचारिकाच बाहेर पडतील.

शिकण्याचा पैसा कोणी द्यावा?

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनला परिचारिकांची शाळा काढली ती लोकवर्गणीतून जमलेल्या निधीवर. इंग्लंडमध्ये पुढे सरकार नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊ लागले. २०१७ मध्ये ते बंद करून कर्ज काढून शिका असे सांगितले गेले. पहिल्याच वर्षी अर्ज जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. शेवटी सप्टेंबर २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांची मदत पुन्हा सुरू करावी लागली. श्रीमंत देशातल्या मुली कर्जाला घाबरून मागे सरल्या, तर दोन एकर कोरडवाहू शेतीवाल्याच्या किंवा रोजमजुराच्या मुलीचे काय होणार?

सेवाग्रामचा अनुभव आपल्या जिल्ह्यातलाच आहे. तिथल्या संस्थेने गावांसाठी ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना राबवली. सुगीला प्रत्येक कुटुंब ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायचे आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार मिळायचे. गरीब गावही एकत्र येऊन निधी उभा करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. परिचारिकेचे शिक्षण हा सरकारने उचलायचाच खर्च आहे. पण सरकारी पैसा येईपर्यंतचे महिने समाजाच्या निधीने तरून नेता येतात, कारण शिष्यवृत्ती बहुतेक वेळा उशिरा येते आणि गरीब मुलगी पहिल्या सहा महिन्यांतच गळते.

मुलीला नर्सिंगला घालताना

१) अभ्यासक्रम ओळखा. सहायक परिचारिका प्रसविका म्हणजे एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा आहे. बी. एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते आणि सीईटी द्यावी लागते. त्या वर्षीचे नियम माहितीपुस्तिकेतच पाहा.

२) सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे 'नर्सिंग असिस्टंट', 'हेल्थ केअर' अशा नावांचे कोर्स केल्याने परिषदेकडे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय सरकारी परिचारिका होता येत नाही. 'शंभर टक्के नोकरी' या पाटीला भुलू नका.

३) संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, रुग्णालय किती खाटांचे आहे, तिथे पेशंट असतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोला.

४) भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे लागते, अर्ज महाडीबीटीवर होतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. एजंटला पैसे देऊन 'सीट पक्की' करणारे नेमके इथे फसतात.

५) सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रात ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे तिचे दर ठरलेले आहेत. अटी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

६) जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला अकरावीतच तयार करायला घ्या. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली की वर्ष हातचे जाते.

समाज म्हणून काय करावे?

आपल्या ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत कायम किती आणि कंत्राटी किती, हे चार आकडे माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आकडे हातात आल्यावर ते ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत मांडा, आमदार आणि जिल्हा परिषद सदस्यांना लेखी द्या. 'सिस्टर वाढवा' या घोषणेपेक्षा 'आठ मंजूर पदांपैकी इतकी रिकामी आहेत, ती कधी भरणार?' हा प्रश्न टाळणे अवघड असते.

विहार समितीने वर्षावासाच्या काळात एक छोटा निधी सुरू करावा. तालुक्यातल्या दोन-तीन नर्सिंगच्या मुलींना शिष्यवृत्ती येईपर्यंत बिनव्याजी उसने पैसे द्यावेत, शिष्यवृत्ती आली की परत घ्यावेत आणि पुढच्या मुलीला द्यावेत. हिशेब फळ्यावर लिहावा.

आणि पेशंट म्हणून आपलेही काम आहे. महावग्गात शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांसोबत रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत : हितकर तेच करावे, प्रमाण पाळावे, औषध घ्यावे, आजार जसा असेल तसा खरा सांगावा आणि वेदना सोसण्याचे धैर्य ठेवावे. वॉर्डात दहा नातेवाईकांनी गर्दी करू नये, सिस्टरला 'ए बाई' म्हणू नये, आणि पद रिकामे ठेवणाऱ्यांचा राग हजर असलेल्या एकट्या सिस्टरवर काढू नये.

सावित्रीमाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाने परिचारिकेला १२ मेच्या परिचारिका दिनी फक्त गुलाबाचे फूल देऊन थांबू नये. तिचे पद, तिचा पगार आणि तिची आठ तासांची पाळी तिला मिळेपर्यंत तिच्या बाजूने उभे राहावे. त्यात आपल्या आजारी माणसाचाच जीव राखलेला असतो.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) पाच गुणांपैकी कौशल्याचे गुण कोणते आणि ते आधी का आले असावेत?

२) ३० खाटांच्या रुग्णालयाचा हिशेब फळ्यावर मांडा. दोन पदे रिकामी असतील तर रात्रपाळीला किती जणी उरतात?

३) कंत्राटी पदामुळे पेशंटचे, परिचारिकेचे आणि आरक्षणाचे काय नुकसान होते?

४) आपल्या वस्तीतल्या कोणत्या मुली यंदा बारावीला आहेत? त्यांचे कोणते दाखले अजून बाकी आहेत?

जय भीम. नमो बुद्धाय.